कारणाचा रकाना

कळव्यात मला नावाने फारसं कुणी हाक मारत नाही.
चावीवाला म्हणतात.
खांद्यावर साडेतीन फुटांची लोखंडी चावी,
रस्त्याच्या पोटात चौकोनी झाकण,
झाकणाखाली गंजलेला दांडा.
बावीस फेरे उजवीकडे, की खालचे टॉवर बंद.
मग वर, पारसिकच्या उतारावर,
नळ आधी खोकतात,
मग बोलतात.

प्रणाली टी.वाय.ला आहे, विषय तत्त्वज्ञान.
रात्री मोठ्याने वाचते, तिला तसंच पाठ होतं.
मी जेवता जेवता ऐकतो.
एक म्हणतो, कृतीचं मोल तिच्या फळावरून,
जास्तीत जास्त माणसांचं जास्तीत जास्त सुख.
"म्हणजे हंडे मोजायचे," मी म्हणालो.
"साधारण तसंच."
दुसरा फळाकडे बघतच नाही.
तो म्हणतो, तू आज करतोस ते उद्या सगळ्यांनी केलं तर चालेल का,
तेवढं आधी सांग.
हा मला आमच्या दळवी साहेबांसारखा वाटला:
वेळापत्रक भिंतीवर, आणि त्या भिंतीला रोज उदबत्ती.
तिसरा फार जुना. तो कृतीचं विचारतच नाही,
करणारा कसा आहे ते विचारतो.
मी भात कालवत राहिलो.
"आणि आपल्या माणसाचं काय?"
तिने पानं उलटली.
"आहे. एका बाईंनी लिहिलंय.
पण ते परीक्षेला येत नाही, बाबा."

मग मे महिन्यातला तो शुक्रवार.
आदल्या दिवशी शटडाऊन, दाब निम्मा.
खाली चारशे घरं, वर साठ.
चढावर पाणी दमतं.
खाली दहा हंडे भरतात तेवढ्या वेळात वर तीन.
हंडे मोजायचे तर चावी वर फिरवूच नये.
कागद पाहायचा तर पाच चाळीसला चालू, सहाला बंद,
पिंपं भरोत न भरोत.
आणि वर निरा राहते, माझी धाकटी बहीण.
तिच्या सुनेला बाळंत होऊन नववा दिवस.
तिने फोन केला नाही.
तेच जास्त टोचलं.

सहाला मी झाकणापाशी उभा होतो, चावी दांड्यावर.
वरून कुणीतरी ओरडलं, "आत्ता कुठं आलंय हो!"
पुढचा नंबर आमच्याच गल्लीचा.
वाटलं, आपल्या घासातला घास,
त्यात काय एवढं.
सहा बाराला फिरवली.

गल्लीत शिरलो तर हसुराम ओट्यावर बसलेला,
समोर अर्धं पिंप.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.
"पुन्य तुजा," म्हणाला, "न पानी आमचा?"

रात्री झोप नाही.
वर निरा नसती तर?
साठ घरं तीच असती, चढ तोच, ओरडणारा तोच,
माझे फेरेही बावीसच.
फिरवली असती का बारा मिनिटं उशिरा?
हो म्हणवत नाही.
नाहीसुद्धा म्हणवत नाही.
बाळाला आंघोळ मिळाली, हे खरं.
हसुरामची म्हातारी तशीच झोपली, हेही खरं.
प्रणालीला उठवून विचारावंसं वाटलं,
पण तिचा सोमवारी पेपर,
कोणत्याही एका सिद्धांताची चर्चा करा, गुण दहा.

रजिस्टरात वेळ खरी लिहिली. ६.१२.
पुढे कारणाचा रकाना.
'दाब कमी' लिहिलं असतं तर खपलं असतं,
खोटंही नव्हतं.
पेन टेकवून बसलो,
शाईचा एक ठिपका पडला, तेवढाच.

शनिवारी पहाटे आमच्या पिंपातले दोन हंडे
हसुरामच्या दारात नेऊन ठेवले.
त्याने एक घेतला.
एक परत पाठवला, पोराच्या हाती,
न सांडता.

ठिपक्याभोवती दळवी साहेबांनी लाल पेनाने गोल केलाय.
सोमवारी विचारतील.